सागवानी फळीवरचं कडक इपॉक्सी काढायला हीट गन आणि कार्बाइड स्क्रॅपर: दोन महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून लाकडावर ओततात आणि प्लॅस्टिकसारखं कडक होतं ते) एकदा सेट झालं की निघत नाही, फळी तशीच ठेवा नाहीतर नवीन करून घ्या, असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं होतं आणि तिघांचंही चुकलं. निघतं. अगदी पूर्ण निघतं आणि खालचं लाकूड जवळजवळ जसंच्या तसं राहतं. फक्त ते घासून काढायचं नाही, गरम करून खरवडायचं, आणि त्यासाठी दोनच वस्तू लागतात, एक हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं यंत्र, आणि एक चांगला स्क्रॅपर, म्हणजे खरवडायचं हत्यार. या दोन्हींबद्दल लिहिते, कारण मी घेताना मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नाही आणि तोवर वेळ, पैसे आणि पॉलिश पेपर सगळंच वाया घालवून झालं होतं.

फळी कसली ते सांगते म्हणजे एवढी धडपड का केली ते कळेल. आमच्या आजोळी राजापूरकडे पडवीत झोपाळा होता, त्याची ही फळी. अस्सल सागवान, एकसंध, जोड नाही, साडेचार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि दीड इंच जाड. पुढची कडा दोन ठिकाणी खोलगट झिजलीये, तीन पिढ्या बसून बसून, आणि उजव्या कोपऱ्यात आजीचा पानाचा डबा असायचा तिथे चुन्याचा एक पांढरट डाग आहे. घर मोडलं तेव्हा मी फक्त ही फळी आणि पितळी कड्या पुण्याला आणल्या. मधे एक चीर होती म्हणून एका वर्कशॉपला दिली, तर त्यांनी चीर भरलीच, शिवाय विचारल्याशिवाय वरून सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाड इपॉक्सी ओतून दिलं. आणली त्या दिवशी आरशासारखी चमकत होती, सगळे वा वा म्हणाले, मीही म्हणाले. पहिला उन्हाळा गेला आणि ती पिवळी पडायला लागली, दुसऱ्या पावसाळ्यात कडांजवळ खालून पांढरे ढग आले आणि कड्यांच्या भोकांपाशी तडे गेले. टेरेसवर ऊन लागतं आणि साधं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतंच, त्यावर यूव्हीला टिकणारा वेगळा कोट लागतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, इपॉक्सी काही त्याच्याबरोबर हलत नाही. आणि सागात मुळातच तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी एसीटोनने पुसून घ्यावं लागतं, नाहीतर पकड कच्ची राहते. हे मला नंतर कळलं, आणि गंमत बघा, तीच कच्ची पकड काढताना माझ्या कामी आली.

आता मी आधी काय काय केलं ते भराभर सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. थिनर लावला, रात्रभर फडकं भिजवून ठेवलं, काही झालं नाही, फक्त चमक थोडी मेली. एसीटोनने वरचा थर किंचित चिकट झाला आणि दहा मिनिटांत परत दगड. मग ५ इंची ऑर्बिटल सँडर, म्हणजे पॉलिश पेपरची गोल डिस्क फिरवून घासायचं मशीन, आणला, ८० नंबरची डिस्क लावली आणि सुरू केलं. तळहाताएवढी जागा व्हायला सहा डिस्क गेल्या. कारण असं की घासताना उष्णता तयार होते, त्या उष्णतेने इपॉक्सी चिकट होतं आणि डिस्कच्या दाण्यांमधे गोळ्या गोळ्या होऊन बसतं, मग डिस्क नुसती वरून सरकते, कापत नाही, आणि आपण जास्त दाबतो तर अजून गरम होतं. वर घरभर ती पांढरी बारीक पूड, कपाटात, गादीवर, कुंडीतल्या तुळशीवरसुद्धा. तिथेच थांबले ते बरं झालं.

ओळखीच्या मिस्त्रीकाकांना फळी दाखवली. ते म्हणाले, "ताई, ग्राइंडर लावूया, दोन तासांत साफ करून देतो." मी म्हटलं, "काका, साफ होईल पण ही झिजलेली कडा पण जाईल ना." त्यांनी कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो, ती नाही राहणार. मशीनला काय कळतंय." माणूस प्रामाणिक आहे, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण माझा प्रश्न तोच होता, की मला फळी गुळगुळीत नकोय, मला फक्त वरचं प्लॅस्टिक नकोय. सँडर, ग्राइंडर, रंधा, ही सगळी हत्यारं सपाटी बघतात, इपॉक्सी कुठे संपलं आणि लाकूड कुठे सुरू झालं हे त्यांना कळत नाही. उंच भाग कापणार, खोलगट भागात इपॉक्सी तसंच राहणार.

पेंट काढायच्या केमिकलचाही डबा आणला होता. त्याबद्दल एवढंच सांगते की इपॉक्सीवर खरोखर चालणारे जे जुने जोरदार स्ट्रिपर होते त्यांच्यात डायक्लोरोमिथेन असायचं, मिथिलीन क्लोराइडही म्हणतात, आणि त्याच्या वाफेने बंद जागेत माणसं दगावलेली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती वापरासाठी असा स्ट्रिपर विकायला बंदी आहे. आपल्याकडे डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा, आणि हे नाव दिसलं तर फ्लॅटच्या बाल्कनीत अजिबात उघडू नका. बेंझिल अल्कोहोलवाले सौम्य प्रकार मिळतात, ते तासन्‌तास लावून ठेवले की इपॉक्सी फुगतं थोडं, पण जाड थराला फार वेळ लागतो आणि सगळा लगदा लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतो. मी अर्धा डबा वापरून बाकीचा तसाच ठेवलाय.

मग गरम करायचं का चालतं? इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर, दोन्ही एकत्र आले की रेणूंची जाळी विणली जाते, ती परत सुटत नाही. म्हणून ते मेणासारखं किंवा चपडी लाखेसारखं वितळत नाही, कुठल्या द्रवात विरघळतही नाही. पण घरच्या तापमानाला सेट होणारी जी साधी इपॉक्सी असतात ती साधारण ५० ते ६० अंशांच्या वर गेली की कडकपणा सोडतात, काचेसारखी होती ती चामड्यासारखी होतात. इपॉक्सीच्या टेबलावर गरम कुकर ठेवला की डाग किंवा खळगा पडतो ना, तेच हे. जो त्या फिनिशचा दोष आहे तोच काढताना आपला मित्र. मी किराणावाल्याकडे कोविडमधे असायचं तसं बंदुकीसारखं थर्मामीटर, पण जास्त तापमान दाखवणारं, घेतलं होतं आणि बघत बघत काम केलं. माझ्या फळीवर ६० च्या खाली स्क्रॅपर नुसता घसरत होता, ८५ ते ११० मधे लोण्यातून सुरी जावी तसा गेला, आणि १५० च्या पुढे उग्र वास यायला लागला. तो वास आला की इपॉक्सी जळायला लागलंय, ताबडतोब गन बाजूला.

हीट गनचं. माझी २००० वॅटची आहे, मागे तापमानाचं चाक आहे, दोन स्पीड आहेत, साधारण अडीच हजारांत पडली. कंपनीच्या नावावर फार जाऊ नका, चाक आहे की नाही ते बघा. नुसतं १ आणि २ असं बटण असलेल्या स्वस्त गन येतात त्यात खालची सेटिंगसुद्धा ३००-३५० च्या आसपास असते, त्याने काम होत नाही असं नाही पण हात सतत हलता ठेवावा लागतो, नवीन माणूस लाकूड करपवणार. मी २५० वर ठेवते, तोंड फळीपासून तीन बोटं लांब, आणि एका वेळी फक्त पोस्टकार्डाएवढी जागा गोल गोल फिरवत २०-३० सेकंद तापवते. बरोबर जे पसरट तोंड येतं, माशाच्या शेपटीसारखं, ते लावा, गोल तोंडाने मधेच जळतं आणि बाजूला थंड राहतं. आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा मागचा भाग सपाट आहे, त्यामुळे तोंड वर करून उभी ठेवता येते आणि दोन्ही हात मोकळे होतात. न आवडलेली म्हणजे वायर जेमतेम दीड मीटर, त्यामुळे एक्स्टेंशन लागतंच, आणि तेही जाड वायरचं १६ अँपियरचं घ्या, मोबाइल चार्जिंगवालं पांढरं एक्स्टेंशन मी हात लावून बघितलं तर गरम झालं होतं. आवाज हेअर ड्रायरएवढाच. वजनाला हलकी आहे, तासभर धरली तरी मनगट भरून येत नाही.

पण खरा हिरो स्क्रॅपर आहे. आधी मी पुट्टीची पट्टी वापरली, ढकलायची असते ती, आणि ढकलताना कोपरा लाकडात घुसतो. दोन खाचा पडल्यात माझ्या हातून, अजून दिसतात, बघितलं की वाईट वाटतं. मग बाहको कंपनीचा कार्बाइड (स्टीलपेक्षा खूप कडक) ब्लेडचा स्क्रॅपर घेतला, ६५ मिलिमीटरचं ब्लेड, मागे लांब मूठ आणि पुढे डाव्या हाताने दाबायला एक गोल गट्टू. हा ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा. एवढ्या एका फरकाने सगळं बदलतं. ओढताना दाब किती पडतोय ते हाताला कळतं, लाकूड लागलं की आवाज बदलतो, इपॉक्सीवर स्स्स असा लांब आवाज येतो आणि लाकूड आलं की खरखर. दुसऱ्या दिवसापासून मी बघण्यापेक्षा ऐकूनच काम करत होते. कार्बाइड असल्यामुळे धार टिकते, साध्या स्टीलच्या ब्लेडला मला दर दहा मिनिटांनी कानस लावावी लागायची. इथे एका धारेवर वरची सगळी बाजू झाली, आणि ब्लेड उलटं करून दुसरी धार अजून कोरी आहे. महाग आहे, हीट गनपेक्षा महाग पडला मला, पण एकच वस्तू चांगली घ्यायची असेल तर पैसे इथे घाला. ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी, आपले जुने सुतार पॉलिश खरवडायला काचेचा तुकडा वापरायचे, तो अजूनही उत्तम चालतो, हातमोजे घालून, आणि तो शेवटच्या पातळ थराला स्क्रॅपरपेक्षाही नाजूक काम करतो.

करायची पद्धत अशी की कडेपासून सुरू करा, जिथे आधीच उचललं गेलंय तिथून. तापवा, गन बाजूला उभी करा, आणि रेषांच्या दिशेने लांब लांब ओढा, गार व्हायच्या आत तीन-चार ओढी मिळतात. दाबू नका. दाबावं लागतंय म्हणजे अजून तापलं नाहीये. माझ्याकडे सागाच्या तेलामुळे पकड कमी होती म्हणून कितीतरी ठिकाणी ढलपी नाही, अख्खी पट्टीच निघाली, हाताएवढी लांब, पापडासारखी वाकणारी, आणि गार झाली की परत कडक. उजव्या कोपऱ्यातली अशी एक पट्टी निघाली आणि तिच्या खालच्या बाजूला लाकडाच्या रेषांचा पूर्ण ठसा उमटलेला होता, ती उजेडात धरून मी किती वेळ बघत बसले होते. आणि त्याच्या खाली चुन्याचा डाग, तसाच. हात लावला तर गरम लाकूड, आणि सागाचा तो वास, पडवीत दुपारी ऊन आलं की यायचा तो. तीन वर्षं त्या प्लॅस्टिकखाली कोंडला होता. आईला हाक मारून बोलावलं, ती काही बोलली नाही, नुसता हात ठेवून उभी राहिली.

वेळ किती लागला, तर वरची बाजू दोन रविवार, मिळून साडेपाच तास. सँडरने त्याच्या चौपट लागला असता आणि कडा गेली असती.

स्क्रॅपर फिरला म्हणजे झालं असं मात्र नाही. साग सच्छिद्र असतो, त्याच्या छिद्रांमधे इपॉक्सी उतरलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी आधी तेच चुकवलं, खरवडल्यावर लगेच तेल लावून बघितलं तर जागोजागी फिके ठिपके राहिले, तेल पीतच नव्हती ती जागा. त्यापेक्षा फडक्यावर पॉलिशवालं स्पिरिट घ्या आणि फळी पुसा. जिथे उघडं लाकूड आहे तिथे रंग गडद होतो, जिथे इपॉक्सी आहे तिथे फिकाच राहतो आणि चमकतो. खडूने गोल करा, स्पिरिट पूर्ण उडू द्या, खिडक्या उघड्या, आणि मगच परत हीट गन. हे पूर्ण उडू द्या मी दोनदा लिहिलं तरी कमी आहे, स्पिरिट ओलं असताना जवळ हीट गन म्हणजे सरळ आग. राहिलेले ठिपके मग हाताने ८० नंबर, १२०, १८० असं पॉलिश पेपरने, लाकडाचा ठोकळा न लावता नुसत्या बोटांनी, म्हणजे झिजलेल्या कडेचा आकार तसाच राहतो. थर आता नसल्यासारखा असतो त्यामुळे पेपर भरत नाही, चार शीटमधे काम झालं.

मधल्या चिरेतलं इपॉक्सी मी काढलं नाही. ते खोल गेलंय, आणि खरं तर ते काम त्यांनी चांगलं केलं होतं, चीर पुढे वाढली नाही. चीर भरायला इपॉक्सी उत्तमच आहे, माझा राग वरून ओतण्यावर आहे.

काळजीचं लिहायलाच हवं. टेरेसवर किंवा खिडक्या उघड्या ठेवूनच करा. घासताना एन९५ मास्क हवाच, पण तापवताना जो वास येतो त्याला एन९५ थांबवत नाही, त्याला ऑर्गॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला हाफ मास्क लागतो, सेफ्टीच्या दुकानात मिळतो. इपॉक्सी नीट सेट झालेलं नसेल, कुठे चिकट लागत असेल, तर त्याला उघडा हात अजिबात लावू नका, एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा संपर्कानेही अंगावर उठतं. गरम ढलप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकू नका, पत्र्याची बादली ठेवा. गनचं तोंड बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं भाजेल इतकं गरम असतं, घरात लहान मूल असेल तर काम संपल्यावर ती कुठे ठेवायची ते काम सुरू करायच्या आधी ठरवा.

आणि सगळ्याच लाकडावर हे करू नका. प्लायवुड किंवा व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर उष्णतेने खालचा ग्लू सुटतो आणि व्हिनियरला फुगे येतात. पांढऱ्या ग्लूने जोडलेलं फर्निचर, म्हणजे आपण सरसकट ज्याला फेविकॉल म्हणतो तो, त्याचेही सांधे तापले की ढिले होतात, सांध्यांपासून लांब राहा. रिव्हर टेबल असेल, म्हणजे इपॉक्सीच दोन फळ्यांना धरून ठेवतंय, तर तिथे तापवायचा विचारही नको, तिथे तज्ज्ञाकडून रंधा मारून घेणंच बरं. आणि इपॉक्सीच्या खाली जुना ऑइलपेंट असेल, वाड्यातला दरवाजा वगैरे, तर हीट गन लावूच नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याच्या आधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही आणि तापवलं की ते हवेत येतं. गरोदर बाई किंवा छोटी मुलं असतील तर त्या वाटेला जाऊच नये.

रेटिंग द्यायचं तर स्क्रॅपरला पाचपैकी पाच, हीट गनला चार, वायर लांब असती तर तिलाही पाच दिले असते. अर्धवट वापरलेला केमिकलचा डबा, सँडरच्या डिस्क आणि थिनर मिळून माझे जे वाया गेले त्यात दुसरा स्क्रॅपर आला असता. मिस्त्रीकाका परवा येऊन बघून गेले, कडेवरून परत हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, तो खरवडा मला दोन दिवस द्या, एक जुनी देवघराची चौकट आहे माझ्याकडे." दिलाय.

आता फळीवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेत, प्रत्येक हात लावून पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढायचं आणि मधे दोन-दोन दिवस वाळू द्यायचं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. चमक नाहीये, पाणी सांडलं की पुसावं लागतं, वर्षातून एकदा परत तेल द्यावं लागेल, ते मला चालणार आहे. खालची बाजू अजून बाकी आहे, तिथे थर पातळ आहे पण पावसाळा सुरू झाला आणि टेरेस ओली, ओल्या फरशीवर विजेचं हत्यार नको म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलेय. तोवर फळी हॉलमधे टांगलीये, खालून प्लॅस्टिक आणि वरून लाकूड अशी, आणि आई रोज दुपारी तिच्यावर बसून पेपर वाचते.